मुंबईहून पहिल्यांदा ट्रॅक डेला जाताना: स्विफ्ट, ब्रेक ऑइल आणि परतीचे तेराशे किलोमीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहणार डोंबिवली, गाडी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल, मॅन्युअल, शोरूममधून आली तशीच. पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या सर्किटवर स्वतःची गाडी चालवायला, जायचंय. साठ-सत्तर हजार बाजूला काढून ठेवलेत. मित्रमंडळींचा आग्रह असा की आधी एक्झॉस्ट, एअर इनटेक आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) करून घे, मग जा. शिवाय पोटप्रश्न: मुंबईच्या जवळचा ट्रॅक कुठला, विमा चालतो का, गाडीची वाट लागते का, आणि रात्री पाम बीच रोडवर हात साफ केला तर उपयोग होतो का. धाकट्या भावाला शेजारी बसवता येईल का, हेही विचारलंय.

ठाण्यात माझं गॅरेज आहे, आणि ट्रॅक डेला नवख्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकवायचं कामही मी बरीच वर्षं करतोय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. एक्झॉस्ट नको, इनटेक नको, रीमॅप तर नकोच. टर्बो नसलेल्या १.२ लिटरच्या इंजिनातून रीमॅपने चार-पाच घोडे जास्तीचे निघाले तर निघाले, पहिल्या दिवशी ते तुम्हाला जाणवणारही नाहीत. बॉनेटखाली उघडा लावलेला कोन फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा ओढतो आणि आवाज तेवढा मोठा करतो. एक्झॉस्टचं म्हणाल, तर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू अशा तीन राज्यांच्या पोलिसांना तो ऐकवत जायची हौस असेल तरच लावा. पैसे ब्रेक, टायर आणि पेट्रोलमध्ये घाला. उरले तर दुसऱ्या ट्रॅक डेसाठी ठेवा.

आता ट्रॅक कुठला. मुंबईला सर्किट नाही. एके काळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. आता तिथे हेलिकॉप्टरं उतरतात आणि आपण बाहेर सिग्नलला बसतो. लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पण ते सरळ रेषेतलं काम, वळणच नाही. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, तो मुळात कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. उरतात ती खरी सर्किटं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ३.७ किलोमीटर, १२ वळणं, १९९० पासूनचं. जुनी मंडळी त्याला अजून एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) असंच म्हणतात. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर, फॉर्म्युला मारुती ही छोटी रेसकार बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा. कोइम्बतूरलाच कोस्ट नावाचं नवं सर्किट, ३.८ किलोमीटर. आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल, ५.१ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ ला मोटरसायकलींची मोटोजीपी.

बुद्धचा मोह सगळ्यांनाच होतो, फोटो चांगले येतात. पण तिथे तिसऱ्या वळणानंतरचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. स्विफ्टमध्ये तिथे पाय तळाला टेकवून नुसती वाट बघत बसावं लागतं, आणि पट्ट्याच्या शेवटी कंपनीच्या ब्रेकची परीक्षा. छोट्या गाडीला छोटा, वळणावळणांचा ट्रॅक जास्त शिकवतो. माझ्या मते तुमच्यासाठी करी सगळ्यात बरा. चेन्नईची तारीख आधी मिळाली तर तीही सोडू नका, कारण तिथे जायचा रस्ता फार सोपा आहे: पनवेलला जो ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पकडाल तो पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, वेल्लोर करत सर्किटच्या वाटेपर्यंत सोडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, एप्रिल-मे म्हणजे भट्टी. जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख बघा.

आणि इथेच आपला ट्रॅक डे चेन्नईवाल्यापेक्षा वेगळा होतो. त्याची गाडी काही कारणाने बंद पडली तर तो संध्याकाळी टोचन करून घरी जातो. आपल्याला त्याच गाडीने, त्याच टायरवर, त्याच ब्रेकवर तेराशे किलोमीटर परत यायचंय. म्हणून गाडीत काय बदलायचं हे ठरवताना मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो: हे रविवारी ट्रॅकवर चालेल आणि सोमवारी खंबाटकी घाटातही चालेल का? दोन्हीकडे चालत असेल तरच बसवायचं.

ब्रेकपासून सुरू करू, कारण गाडीतलं निम्मं काम तिथेच आहे. ताशी ८० वरून गाडी पूर्ण थांबवताना ब्रेकना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या जवळजवळ सव्वादोन पट ऊर्जा १४० वरून ७० वर येताना जिरवावी लागते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचा हा परिणाम. हायवेवर असा ब्रेक महिन्यातून एखाद वेळी लागतो, कोणी आडवा आला तर. ट्रॅकवर तो दर लॅपला, म्हणजे दर फेरीला, सव्वादोन-अडीच मिनिटांनी, शिवाय मधल्या वळणांचे वेगळे. डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, नळीच्या रबरातूनसुद्धा. डॉट ३ प्रतीचं ऑइल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत तग धरायला हवं, पाणी मुरल्यावर मात्र ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. मुंबईच्या दोन-तीन पावसाळ्यांची हवा खाल्लेलं ऑइल कुठल्या आकड्याजवळ असेल, ते वेगळं सांगायला नको. शहरात ते तुम्हाला कधीच कळणार नाही. घाटकोपर ते सायन दहा ब्रेक मारलेत तरी ते शंभरावर जात नाही.

ट्रॅकवर मात्र चौथ्या-पाचव्या लॅपला ते उकळतं. नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी तुम्ही पाय टाकता आणि पेडल नेहमीच्या जागी न अडता तसंच खाली, पार मॅटपर्यंत जातं. पॅड तापून निकामी झाले तर चित्र उलटं असतं: पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, आणि जळका वास येतो. दुखणं कुठलं ते पॅडॉकमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत) आल्यावर यावरून ओळखायचं. त्या क्षणी मात्र पेडल पटापट पंप करा, गिअर खाली घ्या, आणि गाडी जबरदस्तीने वळवायच्या भानगडीत न पडता स्टिअरिंग सरळ ठेवून रन-ऑफमध्ये जाऊ द्या. मोकळी जागा त्यासाठीच ठेवलेली असते.

म्हणून जायच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदला. नुसतं टाकीतलं उपसून वरून नवं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. एक जण सीटवर, एक जण चाकाशी. ब्रेकवरच्या निपलचं (ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या बोल्टचं) रबरी टोपण काढून त्यावर आधी रिंग पाना आणि मग पारदर्शक नळी चढवायची, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. चाकाशी बसलेला ओरडतो, 'पंप मार… मार… धर!' सीटवरचा पाय दाबून धरतो, खालचा पाना पाव फेरा सोडतो, पेडल खाली जातं, नळीतून काळपट चहाच्या रंगाचं ऑइल येतं, पाना पुन्हा आवळला की मगच वरून पाय उचलायचा. हा क्रम चुकला, म्हणजे पाना उघडा असताना पाय उचलला, की हवा आत गेलीच. नळीतून स्वच्छ, फिकट ऑइल यायला लागलं आणि एकही बुडबुडा दिसेनासा झाला की पुढचं चाक. मधेमधे वरच्या टाकीतली पातळी बघत राहायची, ती तळाला गेली तर सगळं पहिल्यापासून. मागे ड्रम आहेत म्हणून मागची चाकं सोडून देणारे महाभाग आहेत; चारही चाकं झाली पाहिजेत.

ऑइल डॉट ४ घ्या, डॉट ५.१ मिळालं तर उत्तम. डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं असतं आणि तुमच्या गाडीतल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. नावातल्या सारखेपणाने दुकानदारही गोंधळतात. बाटली समोर सील फोडलेली हवी. जुलैत उघडून फळीवर ठेवलेली अर्धी बाटली फुकट दिली तरी घेऊ नका.

पॅडच्या बाबतीत लोक दुसऱ्या टोकाला जातात, एकदम रेसचे पॅड मागवतात. असे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत. पहाटे थंड डिस्कवर, ओल्या रस्त्यावर, समोर ट्रेलर असताना ते काय करतील याचा विचार करा. तुम्हाला चांगल्या प्रतीचे फास्ट-रोड पॅड, म्हणजे रस्त्यासाठीचेच पण जास्त ताप सोसणारे, पुरतात. कंपनीचेच नवे घेतले तरी पहिला दिवस निभतो, लॅप कमी मारायच्या एवढंच. नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही. आधी पहाटे मोकळा रस्ता बघून, वेगमर्यादेत राहून, वेग २०-३० पर्यंत उतरवणारे लागोपाठ ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेकला हात न लावता पाच-दहा मिनिटं गाडी चालवून गार करायचे. जुने पॅड डिकीत टाका. अर्ध्याहून कमी जाडीचे पॅड लावून ट्रॅकवर उतरू नका.

टायरचं वय आधी बघा. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचे टायर गाडीबरोबर आलेले असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. खर्चातला हा सगळ्यात मोठा आकडा ठरेल, पण तो तसाही करायचाच होता. मापाच्या नादी लागू नका, तेच १८५/६५ आर१५ ठेवा.

हवेचं गणित नवख्यांना कोणी सांगत नाही. दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. ट्रॅकवर टायर तापून दाब सहज सहा-आठ पीएसआयने चढतो, आणि फुगलेल्या टायरची मधलीच पट्टी जमिनीला टेकते. म्हणून पहिलं सत्र स्टिकरच्या आकड्यावर करा, बाहेर आल्या आल्या गरम टायरचा दाब मोजा आणि पुढच्या चाकांना ३६ ते ३८ च्या आसपास आणा. स्वतःचं गेज न्या, पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. आणखी एक जुनी युक्ती: टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून बाजूपर्यंत, खडूने आडव्या रेघा मारा. सत्रानंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. बाजूवर छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसली गेली तर ठीक. त्रिकोणाच्या खाली बाजूची भिंतच घासत असेल तर हवा कमी आहे किंवा तुम्ही वळणात फार जोरात शिरताय. पहिल्या दिवशी बहुतेक दुसरंच कारण असतं.

बाकी तयारी भराभर सांगतो. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कूलंट ताजं, बॅटरी घट्ट बांधलेली. चाकाचे नट टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्यावर, आणि पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाली की पुन्हा एकदा. टोचनचा हुक कुठे लावायचा ते घरीच करून बघा. गाडीतली सुटी वस्तू एकही राहता कामा नये: स्टेपनी, जॅक, मॅट, छत्री, फास्टॅगचं जुनं पाकीट, सगळं बाहेर. पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत ब्रेकच्या पेडलमागे गेली की काय होतं याची कल्पना करा. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढून रुमालात गुंडाळून पॅडॉकमध्ये बॅगेत ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी ती टेप चेन्नईच्या उन्हात सुटतेच. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळाचे. हेल्मेट फुल-फेस, कुठल्या दर्जाचं ते आयोजकांना विचारून. (वाचणाऱ्यांपैकी कोणाची सीएनजी गाडी असेल तर ती घेतात का ते आधी विचारा. मी नेणार नाही.)

आता ट्रॅकवरचं. सकाळी स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तपासणी होते, मग ब्रीफिंग, म्हणजे नियम समजावून सांगणं. ब्रीफिंगला मागे उभं राहून फोन बघणारे लोक मी दर वेळी बघतो, आणि दुपारी पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक करून बाहेर काढले जातात तेही बहुधा तेच. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांबायच्या गल्लीत, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा, बहुतेक कोणीतरी ऑइल सांडलंय किंवा खडी आणलीय. काळा झेंडा तुमच्याकडे रोखला तर पिटमध्ये येऊन अधिकाऱ्यांना भेटायचं. ट्रॅक डेला ओव्हरटेक सहसा ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच, आणि पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने वाट दिली तरच. तुमच्या मागे एखादी मोठी जर्मन गाडी लागेल. तिला वाट देण्यात कमीपणा नाही, आणि तिच्या मागे धावण्यात शहाणपणा नाही.

सत्रं साधारण पंधरा-वीस मिनिटांची असतात. बसण्याची पद्धत आधी नीट करा: पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, हात नऊ आणि तीनवर. मुंबईत आपण एक हात गिअरवर ठेवून चालवतो, ती सवय पहिल्याच वळणात आड येते. पहिल्या सत्रात वेगाचं नाव काढू नका. ट्रॅक पाठ करा. चेन्नईत वळणांना सी-वन, सी-टू अशीच नावं आहेत, तेव्हा कुठल्या वळणाला कुठल्या खुणेपाशी ब्रेक मारला हे पॅडॉकमध्ये येऊन कागदावर लिहून ठेवणं सोपं जातं.

शेजारी बसून मी सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य बोलतो ते म्हणजे 'नजर वर, पुढे बघा.' शहरातल्या ट्रॅफिकने आपल्या डोळ्यांना समोरच्या बंपरपलीकडे न बघण्याची सवय लावलीय. ट्रॅकवर ब्रेक मारायच्या आधी वळणात शिरायची जागा दिसली पाहिजे, शिरताना एपेक्स (वळणाच्या आतल्या कडेचा बिंदू), आणि एपेक्सला पोचण्याआधी बाहेर पडायची जागा. डोळे पुढे गेले की हात आपोआप शांत होतात, हे मी सांगून पटत नाही, दुसऱ्या सत्रात स्वतःच कळतं.

ब्रेक सरळ रेषेत, एकदाच, ठाम. गाडी वळवायच्या आधी वेग कमी झालेला हवा. जास्त वेगात शिरलात तर पुढची चाकं घसरून गाडी बाहेर जायला लागेल, हा अंडरस्टिअर. तेव्हा स्टिअरिंग आणखी वळवून काही होत नाही, उलट ॲक्सिलरेटर थोडा सोडा, स्टिअरिंग किंचित सैल करा, पकड परत येते. मात्र वेगवान वळणात घाबरून पाय एकदम पूर्ण उचलू नका. वजन झटकन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. तुमच्या वर्षाच्या स्विफ्टला ईएसपी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, तेव्हा सावरून घेणारा गाडीत दुसरा कोणी नाही.

लॅप टाइमचं ॲप फोनमध्ये असेल तर काढून टाका. पहिल्या दिवशी लॅप मोजणारा माणूस ब्रेक उशिरा मारायला लागतो, दुसरं काही शिकत नाही. शेवटची एक लॅप गाडी गार करायची: वरचा गिअर, जमेल तेवढा कमी ब्रेक. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, मागचे तापलेले ड्रम तसेच आवळून ठेवायचे नसतात. पहिला गिअर टाका आणि चाकाला वीट लावा. बॉनेट उघडा, पाणी प्या. चक्कर यायला लागली, एकाग्रता गेली, असं वाटलं तर शेवटचं सत्र सोडून द्या. भरलेल्या पैशांचा वसूल शेवटच्या सत्रात होत नाही, गाड्या मात्र बऱ्याचदा त्याच सत्रात ठोकल्या जातात.

विमा. नाही, चालत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा मजकूर असतो, त्यात ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, तिथे वेळ नोंदवत नाहीत, असा युक्तिवाद लोक करतात. विमा कंपनीचा सर्व्हेअर तो मान्य करेल या भरवशावर गाडी उतरवू नका. झीरो-डेप (घसारा न कापणारी) पॉलिसीवाल्यांनाही हेच लागू. आणि 'हायवेवर ठोकली असं सांग' असा सल्ला देणारा तुम्हाला भेटेलच; ती सरळ फसवणूक आहे, तसला दावा मी माझ्या गॅरेजमधून पुढे पाठवत नाही. वॉरंटीचंही तेच, शर्यत किंवा तशा वापरातलं नुकसान कंपन्या धरत नाहीत. बहुतेक आयोजक हमीपत्रावर सही घेतात, आणि बॅरिअर तोडलात तर त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं, सहीआधी वाचा. थोडक्यात, गाडी ठोकली तर दुरुस्तीचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी असेल तरच जा. गाडीचे हप्ते चालू असतील तर हा विचार दोनदा करा.

पाम बीच रोड, सी लिंक, कोस्टल रोड: उपयोग शून्य. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर माणूस फक्त सरळ पळवायला शिकतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत किंवा १०,००० रुपये. पण कायदा बाजूला ठेवला तरी तिथे रन-ऑफ नाही, मार्शल नाही, आणि डिलिव्हरीवाल्या पोराने हेल्मेट नीट बांधलेलं असेल याची खात्री नाही. सराव करायचाच तर कार्टिंग करा. मुंबई-ठाण्यात कार्टिंगच्या जागा उघडतात आणि बंद पडतात, चालू कुठली ते बघून जा. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा चांगला ट्रॅक आहे. भाड्याच्या कार्टला ताकद कमी असते, त्यामुळे लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट, चुकली की वेग लगेच पडतो आणि चूक लपत नाही. नजर आणि लाइन या दोन गोष्टी तिथे निम्म्या खर्चात शिकता येतात.

स्वतःची गाडी धोक्यात घालायची नसेल तर आणखी एक वाट आहे: विमानाने चेन्नई किंवा कोइम्बतूरला जाऊन रेसिंग स्कूलचा कोर्स. एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या एका सीटच्या गाडीत मारुती सुझुकीचं १.३ लिटर इंजिन असतं, म्हणजे घराणं तुमच्याच गाडीचं. पण तिच्यात बसल्यावर आपली स्विफ्ट किती डुलते ते कळतं. येण्याजाण्याचा वेळ, पेट्रोल आणि झीज धरली तर हा हिशेब वाटतो तेवढा महाग पडत नाही.

गाडीनेच जायचं ठरवलंत तर खर्च असा. ऑइल, पॅड, मजुरी मिळून ब्रेकचं काम दहा हजारांच्या आत बसतं. जाऊन-येऊन २,७०० किलोमीटर, हायवेला लिटरला अठरा धरले तर दीडशे लिटर, म्हणजे पंधरा-सोळा हजार. ट्रॅकवर हीच स्विफ्ट लिटरला चार-पाच देते, दिवसभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले तर वीस ते तीस लिटर. टाकी पाव राहिली की भरा, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन गचके खातं. टोल, दोन-तीन रात्रींचं लॉज आणि प्रवेश फी वेगळी. फी आयोजकानुसार बदलते. टायर घ्यावे लागले नाहीत तर तुमच्या रकमेत हे सगळं बसतं. गाडीची वाट लागते का, याचं उत्तर: नीट तयारी केली तर टायर, पॅड आणि क्लच यांचं आयुष्य कमी होतं, इंजिनाला काही होत नाही. परत आल्यावर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, अलाइनमेंट बघून घ्या.

त्याच संध्याकाळी परत निघू नका. रात्री झोपा. सकाळी थंड टायरमध्ये हवा पुन्हा स्टिकरच्या आकड्याला आणा. ट्रॅकवर काढलेली हवा तशीच ठेवून, सामान भरून, भर उन्हात शंभरच्या वेगाने निघालात तर टायर फुटायला तेवढं कारण पुरतं. पॅडची जाडी बघा, नट पुन्हा तपासा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, आणि पेडल आदल्या दिवशीपेक्षा मऊ वाटलं तर निघण्याआधी तिथेच चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्या.

धाकट्या भावाचं. पहिल्या दिवशी शेजारची सीट बहुतेक शिकवणाऱ्याची असते, आणि बरेच आयोजक दुसऱ्या कोणाला बसूच देत नाहीत, तेव्हा लॅप मारायला तो मिळेल असं धरू नका. पण त्याला न्या. गेज धरायला, खडूच्या रेघा मारायला आणि ब्रेकची हवा काढताना सीटवर बसून पंप मारायला दुसरा माणूस लागतोच. त्याचं लायसन्स झालेलं असेल तर परतीला वेल्लोरपासून पुढे गाडी त्याच्याकडे द्या. आदल्या दिवशी ट्रॅकवर दमलेल्या माणसाने एकट्याने तेराशे किलोमीटर ओढायचे नसतात.